कूलर, पासंग आणि काउंटरबॅलन्स

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहिलं होतं, "नागपूरच्या उन्हाला काउंटरबॅलन्स म्हणून घरोघरी कूलर लागलेत." ओघात लिहिलं, संपादकांनी पण जाऊ दिलं. आणि मग जी पत्रं आली, मेल आले, कोणी तर डिक्शनरीच्या पानाचा फोटो काढून त्यावर लाल पेनानं गोल करून पाठवला, की मला वाटलं मी शब्द नाही लिहिला, कोणाच्या तरी उभ्या पिकात बैल सोडला. तेव्हा यावेळी बाकीचे प्रश्न राहू द्या बाजूला, अख्खा कॉलम याच एका शब्दाचा. पत्रं जशी आली तशीच देऊन राहिले, फक्त नावं काढली.

ताई, नमस्कार. मी नागपूरच्या महाल भागात राहतो, स्टेशनरीचं दुकान आहे, इंग्रजी स्वतःच वाचून वाचून शिकून राहिलो. तुमचं कूलरवालं वाक्य वाचलं आणि अडलो. डिक्शनरीत पाह्यलं तर काउंटरबॅलन्स म्हणजे एका वजनाच्या विरुद्ध ठेवलेलं तेवढंच दुसरं वजन. मग कूलर लावल्यानं ऊन कुठं तोललं जाते जी? आणि बॅलन्स हा शब्द होताच ना, त्याच्या आधी काउंटर कायले लावला? काउंटर तर माह्या दुकानात आहे, त्याच्यामागं मी बसतो.

दादा, आधी कबुली देते, वाक्य माझंच चुकलं. का चुकलं ते सांगते पण आधी तुमच्या काउंटरपासून सुरुवात करू कारण तो प्रश्न मला फार आवडला.

तुमच्या दुकानातला काउंटर आणि काउंटरबॅलन्समधला काउंटर हे दोघं एका गावचेच नाहीत. दुकानातला काउंटर आला लॅटिनमधल्या मोजणे या अर्थाच्या क्रियापदावरून, ज्या टेबलावर पैसे मोजायचे तो काउंटर, आणि त्याच क्रियापदावरून कॉम्प्युटर पण आला, म्हणजे तुमच्या काउंटरवर कॉम्प्युटर ठेवला असेल तर दोघं सख्खे भाऊच समजा. दुसरा काउंटर आला 'काँट्रा'वरून, काँट्रा म्हणजे विरुद्ध. पोलिसांच्या एन्काउंटरमधला तो हाच, समोरासमोर गाठ पडणे. आणि बॅलन्स? तो पण लॅटिनच, 'बि' म्हणजे दोन आणि 'लँक्स' म्हणजे थाळी, पारडं. दोन पारड्यांचा तो बॅलन्स. म्हणजे हा शब्द मुळात तराजूच आहे, बँकेतला बॅलन्स वगैरे सगळं मागून आलं.

आता बॅलन्स असताना काउंटर कशाला? कावड डोळ्यासमोर आणा. दोन्ही बाजूला सारखे भरलेले हंडे लावले, बांबू खांद्यावर घेतला, झाला बॅलन्स. तिथं कोणी कोणाच्या विरुद्ध नाही, दोन्ही हंडे घरीच न्यायचे आहेत. पण समजा हंडा एकच आहे. मग माणूस काय करतो, दुसऱ्या टोकाला एक धोंडा बांधतो. त्या धोंड्याचं घरी काही काम नाही, तो तिथं आहे तो फक्त हंड्यासाठी, हंडा नसता तर धोंडा पण नसता. तो धोंडा म्हणजे काउंटरबॅलन्स. एक वजन आधीपासून आहे, त्रास देऊन राहिलं, एका बाजूला ओढून राहिलं, आणि म्हणून त्याच्या विरुद्ध बाजूला दुसरं मुद्दाम आणून ठेवलं किंवा नशिबानं आपोआप मिळालं. बॅलन्स ही अवस्था झाली, काउंटरबॅलन्स हा त्यासाठी लावलेला धोंडा.

आणि मराठीत याला शब्द नाही असं जे दोनतीन जणांनी लिहून पाठवलं त्यांच्यासाठी सांगते, आहे, चांगले दोन आहेत, आपण विसरलो. माझ्या वडिलांचं इतवारीत किराण्याचं दुकान होतं, लहानपणी मी शाळेतून तिथंच जायची. कोणी तेलासाठी घरचा डबा घेऊन आलं की बाबा आधी रिकामा डबा एका पारड्यात ठेवायचे आणि दुसऱ्या पारड्यात डब्याच्या वजनाइतकी छोटी वजनं, खडे, कधी चार खारका पण टाकायचे, काटा मध्यात आला की मग तेल. याला धडा करणे म्हणायचे. "आधी धडा कर मग ओत" हे मी हजार वेळा ऐकलं असेल. आताच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर टेअर नावाचं बटन असते ना, भांडं ठेवून दाबलं की आकडा शून्य होते, तो हाच धडा, फक्त खारका नाहीत. टेअर हा शब्द अरबीतून फिरत फिरत इंग्रजीत गेला, अर्थ काय तर टाकून द्यायचं ते, वजा करायचं ते.

दुसरा शब्द पासंग. तराजू जुना झाला, साखळ्या बदलल्या, एक पारडं घासून घासून हलकं झालं की रिकामा तराजूच एका बाजूला झुकतो. मग हलक्या बाजूला एखादा खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा तारेनं बांधायचा, तो पासंग. शब्द फारसी, त्यातला संग म्हणजे दगड, संगमरवरातला तोच संग. तर काउंटरबॅलन्सला इतका फिट्ट बसणारा शब्द आपल्याकडं आहे आणि आपण तो फक्त एका ठिकाणी वापरतो, "तो त्याच्या पासंगालाही पुरणार नाही". निम्म्या लोकांना वाटते पासंग म्हणजे पायाशी काहीतरी, पायधूळ वगैरे. नाही हो. समोरच्याला तोलायची गोष्ट तर सोडाच, तराजूतला फरक मिटवायला जो खडा लागतो तेवढं पण याचं वजन नाही, असा तो अपमान आहे, आणि नीट समजून घेतला तर चांगलाच झोंबणारा आहे. (पासंग मुद्दाम चुकीच्या बाजूला बांधून गिऱ्हाइकाला फसवणारे पण होते, ते आमच्या गल्लीत पण होते, पण तो विषय नको.)

आता माझं कूलरचं वाक्य. काउंटरबॅलन्ससाठी दोन अटी. एक, दोन्ही वजनं एकाच दांडीला लटकलेली पाहिजेत. दोन, दोन्ही तिथंच राहतात, एकानं दुसऱ्याला संपवलं असं होत नाही, दोघं आपापल्या बाजूला ओढतच असतात आणि म्हणूनच काटा मध्यात थांबतो. कूलर काय करतो? वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी सोडतो, कोरडी हवा ते पाणी सुकवताना स्वतःची उष्णता घालवून बसते आणि गार होऊन खोलीत येते. बाहेर ४५ डिग्री होतं ते ४५च राहते. सूर्याला त्याचा पत्ता पण नाही. दोघं एका दांडीवर नाहीतच, मग तोलणार काय डोंबल. त्या वाक्यात साधं "उन्हावर उपाय म्हणून" लिहायला पाहिजे होतं, पण इंग्रजी शब्द फेकला की वाक्य वजनदार वाटते ना, तो मोह झाला.

मग बरोबर वापर कुठं? घरचंच घ्या. बाप कडक, साधी शिट्टी वाजवली तरी डोळे वटारणारा, आणि आजी हळूच पोरांच्या हातात पाच रुपये कोंबणारी. इथं आजी बापाला काउंटरबॅलन्स करते म्हणा, शंभर टक्के बरोबर, कारण दोघांचा जोर एकाच पोरावर पडून राहिला, उलट्या दिशेनं, आणि दोघंही घरातच आहेत. टीममध्ये चार फटकेबाज असले आणि एक शांत खेळणारा मुद्दाम घेतला, तो काउंटरबॅलन्स. दुकानात नवा माल बुडाला पण वह्या-पुस्तकांच्या सीझननं वर्ष सांभाळून घेतलं, चालते, इंग्रजीत अशा ठिकाणी हमखास 'काउंटरबॅलन्स्ड बाय' येते, म्हणजे हे त्यानं तोललं गेलं. नाम म्हणून वापरायचं असेल तर त्याच्यापुढं 'टू' लावा, 'अ काउंटरबॅलन्स टू' अमुकतमुक. क्रियापद असेल तर मध्ये काहीच नको, थेट कर्म.

जिथं चुकते ते असं. पोटात जळजळ झाली, गोळी घेतली, ॲसिड मारलं, तिथं न्यूट्रलाइज, कारण दोन्ही मरून तिसरंच काही तयार झालं. झणझणीत तर्रीपोहे झाल्यावर ताक पिलं तर तो उतारा, काउंटरॲक्ट म्हणा, एकाचा जोर दुसऱ्यानं कमी केला पण बरोबरी झाली का याची चौकशी कोणी करत नाही. गाडी ठोकली आणि पैसे मिळाले तर भरपाई, काँपेन्सेशन. आणि हिशोबात इकडचं येणं तिकडच्या देण्यात वळतं केलं तर ऑफसेट, आपला वळता हिशोब. हे चारही शब्द काउंटरबॅलन्सचे शेजारी आहेत, एकमेकांच्या घरात ये-जा पण असते, पण चूल वेगळी.

मॅडम, मी अकरावीत आहे, धरमपेठेत राहते. न्यूटनचा तिसरा नियम सांगतो की प्रत्येक क्रियेला समान आणि विरुद्ध प्रतिक्रिया असते. मग प्रत्येक फोर्सला काउंटरबॅलन्स असतोच ना? मग जगात काही हलतंच कसं? क्लासमध्ये विचारलं तर सर म्हणाले आधी पोर्शन संपू दे.

बेटा, पोर्शन संपेल तेव्हा संपेल, हा प्रश्न पोर्शनपेक्षा मोठा आहे आणि भल्याभल्यांना फसवतो, मी इंग्रजीची बाई असून मला पण याने एकदा भर वर्गात फसवलं होतं.

बैलगाडी घे. बैल गाडीला जेवढ्या जोरानं पुढं ओढतो बरोबर तेवढ्याच जोरानं गाडी बैलाला मागं ओढते. समान, विरुद्ध, सगळं खरं. पण बघ, एक जोर पडला गाडीवर आणि दुसरा बैलावर. दोन वेगळ्या वस्तू! मी आत्ताच वर दादांना सांगितलं तीच अट, दोन्ही वजनं एकाच दांडीला पाहिजेत. एका तराजूतलं वजन शेजारच्या दुकानातल्या तराजूला कसं तोलेल? गाडी हलेल का हे ठरवायचं असेल तर फक्त गाडीवर काय काय लागून राहिलं ते पाहायचं, पुढं बैलाची ओढ, मागं चिखलाचा, चाकाचा, आसाचा अडसर. ओढ जास्त झाली की गाडी निघाली. बैलाचं वेगळं गणित, तो खुरानं जमिनीला मागं रेटतो, जमीन त्याला पुढं रेटते, आणि गाडी मागं ओढते. जमिनीचा रेटा गाडीच्या ओढीपेक्षा जास्त असला की बैल पण निघाला. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोड्या सुटतात तेव्हा न्यूटन काही दोरी धरून त्यांना थांबवत नाही.

आता खऱ्या काउंटरबॅलन्सचं पाहा. वर पंखा लटकला आहे, बंद. पृथ्वी त्याला खाली ओढते, छतातला रॉड त्याला वर धरून ठेवतो, दोन्ही जोर एकाच पंख्यावर, सारखे, उलटे, म्हणून पंखा तिथंच. हे काउंटरबॅलन्स झालं. पण ही तिसऱ्या नियमाची जोडी नाही हं! पृथ्वी पंख्याला ओढते त्याची जोडी म्हणजे पंखा पृथ्वीला ओढतो. हो, तुमच्या घरचा पंखा अख्ख्या पृथ्वीला वर ओढून राहिला, पृथ्वी फक्त इतकी अवजड आहे की तिला काही वाटत नाही.

अजून एक, काउंटरबॅलन्ससाठी वजन सारखंच पाहिजे असं पण नाही. रेल्वे फाटकाचा दांडा पाहिला ना, रस्त्यावर येणारी बाजू लांबलचक आणि मागची बाजू आखूड, पण त्या आखूड बाजूला लोखंडाचे जाड ठोकळे बसवलेले असतात. समजा लांब बाजूचं वजन ४० किलो आणि ते टेकूपासून सरासरी ३ मीटरवर, गुणाकार १२०. मग मागं १ मीटरवर १२० किलोचा ठोकळा ठेवला की झालं, १२०ला १२०. म्हणून एवढा मोठा दांडा गेटमनला एका हातानं फिरवता येते. वजन गुणिले अंतर, तोल या गुणाकाराचा. शेतातल्या माणसाला हे पुस्तकाशिवाय माहीत असते, गाडीत पोती मागच्या बाजूला जास्त भरली की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो, मग दोनचार पोती पुढं सरकवायची, नवीन वजन एक किलोचं पण टाकायचं नाही, नुसतं अंतर बदललं की काम होते.

मॅडम, मी वर्धा रोडच्या बाजूला राहतो, रिटायर्ड आहे. आमच्या सोसायटीची लिफ्ट दर दोन महिन्यांनी बंद पडते. मेकॅनिक म्हणून राहिला की काउंटरवेटच्या गाइडमध्ये प्रॉब्लेम आहे. काउंटरवेट आणि काउंटरबॅलन्स एकच का? आणि लिफ्टला हे उलटं वजन लावतात कशाला, मोटर कमी पडते का?

काका, काउंटरवेट ही वस्तू, हातात धरता येणारी, म्हणजे धरता येणार नाही पण तुम्ही समजलात. काउंटरबॅलन्स वस्तूला पण म्हणतात आणि त्या कामाला पण. आजी ही काउंटरबॅलन्स होऊ शकते, काउंटरवेट म्हटलं तर रागावेल.

आणि लिफ्टची गंमत ऐका, कारण मला पण हे फार उशिरा कळलं. विहिरीतून बादली ओढताना रहाटाच्या दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन खाली जात असेल तर किती सोपं जाईल, तेच तत्त्व. दोराच्या एका टोकाला केबिन, दुसऱ्या टोकाला लोखंडी किंवा सिमेंटच्या लाद्यांची चळत. ती चळत नुसत्या रिकाम्या केबिनइतकी नसते, रिकामी केबिन अधिक लिफ्टच्या क्षमतेच्या साधारण ४० ते ५० टक्के इतकी असते. तुमच्या लिफ्टमध्ये पाटी असेल, ८ व्यक्ती, ५४४ किलो, म्हणजे माणशी ६८ किलो धरलेत. (सावजी खाऊन येणाऱ्या माणसांचं वजन त्यात धरलेलं नाही.) केबिन समजा ८०० किलोची असली आणि निम्मा हिशोब धरला तर पलीकडचं वजन ८०० अधिक २७२, झाले १०७२. आता चार जण आत असले की दोन्ही बाजू जवळपास सारख्या, मोटरला फक्त घर्षणाशी भांडायचं. आठ जण असले तर केबिन २७२ किलोनं जड, आणि लिफ्ट रिकामी असली तर? तर पलीकडचं वजनच २७२ किलोनं जड! म्हणजे रिकामी लिफ्ट वर जायला जोर लागत नाही, ती आपोआप वर जायला पाहते आणि ब्रेक तिला धरून ठेवतो. खाली आणायलाच मोटरला मेहनत. आपल्याला वाटते वर जाणं कठीण आणि खाली येणं सोपं, रिकाम्या लिफ्टचं बरोबर उलटं.

तर मोटर कमी पडते म्हणून नाही, मोटर छोटी ठेवता यावी आणि वीज वाचावी म्हणून. नाहीतर दरवेळी ८०० किलोची केबिन उगीच उचलत बसा. गाइड म्हणजे ते वजन ज्या रुळांवरून वरखाली सरकते ते, त्यात बिघाड असेल तर दुसऱ्या मेकॅनिकलाही दाखवून घ्या, ही बाब चालढकल करायची नाही. बाकी सोसायटीच्या मीटिंगमध्ये काय होते ते माझ्या हातात नाही.

ताई, मी एमपीएससीची तयारी करते, सध्या अभ्यासिकेत बसून लिहून राहिली. राज्यशास्त्रात चेक्स अँड बॅलन्सेस येते. ते आणि काउंटरबॅलन्स सारखंच का? निबंधात नागपूर कराराला काउंटरबॅलन्स म्हटलं तर चालेल का? मैत्रीण म्हणते मार्क कटतील.

मैत्रिणीचं सोड, आधी चेक शब्दाची मजा घे. इंग्रजीतला चेक बुद्धिबळातून आला आणि बुद्धिबळातला चेक फारसी 'शाह'वरून. आपण पटावर म्हणतो तो शह पण तिथलाच. म्हणजे चेक आणि शह हा मुळात एकच शब्द, एक पश्चिमेकडं गेला, एक इकडं आला. तेव्हा चेक्स अँड बॅलन्सेस म्हणजे शह आणि तराजू. शह म्हणजे रोखणं, पुढं जाऊ नको. कोर्टानं घटनेत न बसणारा कायदा रद्द केला, हा शह. विधानसभेनं अविश्वास ठराव आणून सरकार पाडलं, हा पण शह. तराजू म्हणजे सत्ता एकाच पारड्यात साचू न देणं, कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, निवाडा करणारे वेगळे. काउंटरबॅलन्स हा या दुसऱ्या भागाच्या जवळचा, पहिल्याच्या नाही. कोणी कोणाला रोखलं म्हणजे तोललं असं होत नाही.

आता नागपूर करार. २८ सप्टेंबर १९५३चा, विदर्भासकट सगळ्या मराठी भागांचं एक राज्य व्हावं म्हणून नेत्यांनी आपसात केलेला. त्यावेळी नागपूर हे राजधानीचं शहर होतं, मध्य प्रांत आणि वऱ्हाडची आणि नंतरच्या जुन्या मध्य प्रदेशची राजधानी इथंच. विदर्भ मुंबईकडं जाणार म्हणजे राजधानीपण जाणार, आणि ते १९५६मध्ये गेलंच. तेव्हा करारात ठरलं की सरकार दरवर्षी ठराविक काळ नागपुरात येईल, विधिमंडळाचं वर्षातून निदान एक अधिवेशन इथं होईल, हायकोर्टाचं खंडपीठ इथं असेल, नोकऱ्या आणि शिक्षणात लोकसंख्येप्रमाणे वाटा वगैरे. हेतू काय होता तर मुंबई-पुण्याच्या पारड्याविरुद्ध इकडं काहीतरी ठेवणं, म्हणून "काउंटरबॅलन्स म्हणून केलेली तरतूद" हे लिहायला काही हरकत नाही, मार्क कटायचं कारण नाही. पण "नागपूर करारानं काउंटरबॅलन्स केलं" असं भूतकाळात ठोकून दिलं तर परीक्षक विचारेल, केलं का खरंच? कारण १९८३मध्ये राज्याला दांडेकर समिती नेमावी लागली, कशासाठी, तर प्रादेशिक असमतोल मोजायला, आणि त्यातून अनुशेष, म्हणजे विकासाची राहून गेलेली बाकी, हा शब्द विदर्भात पोराटोरांच्या तोंडी बसला. काटा मध्यात असता तर समिती कशाला लागली असती. हेतू आणि परिणाम या दोन वाक्यांत ठेव, एकात कोंबू नको. माझं स्वतःचं मत विचारशील तर डिसेंबरात मोर्चे निघतात, सिव्हिल लाइन्समधले रस्ते बंद होतात, हुरडा पार्ट्या होतात, आणि वर्षाचे बाकीचे आठवडे मंत्रालय मुंबईतच असते, हे तोलायला ठेवलेलं वजन म्हणावं की पासंगाचा खडा, हे तू परीक्षा पास झाल्यावर मला सांग.

नमस्कार. मी अनुवाद करते. काउंटरबॅलन्स, काउंटरपॉइज, इक्विपॉइज आणि इक्विलिब्रियम या चौघांना मी समतोल एवढंच लिहीत आले. फार मोठं पाप झालं का? प्रतापनगर, नागपूर.

पाप नाही, पण चौघांना एकच साडी नेसवलीत. पॉइज हा शब्द लॅटिनमधल्या वजन करणे, तोलणे या क्रियापदाच्या घरातला. त्या घरातून पेंड्युलम आला, काँपेन्सेशन आलं, आणि तुम्ही हसाल पण पेन्शन पण आलं, कारण पूर्वी पैसे तोलून द्यायचे. तर काउंटरपॉइज म्हणजे काउंटरबॅलन्सच, जरा जुन्या वळणाचा, पुस्तकी, त्याला पासंग किंवा प्रतिभार लिहा. इक्विपॉइज म्हणजे दोन्हीकडं सारखं वजन, मन इकडं पण झुकेना तिकडं पण झुकेना. नव्या आणि जुन्या औषधाची चाचणी करताना यातलं कुठलं चांगलं हे डॉक्टर मंडळींना खरोखरच ठरवता येत नसेल तरच पेशंटला या किंवा त्या गटात टाकणं योग्य, त्या अवस्थेला वैद्यकात हाच शब्द आहे. इक्विलिब्रियममधला लिब्रा म्हणजे तराजू, तूळ राशीचं इंग्रजी नाव तेच. तो शब्द फक्त अवस्था सांगतो, कोणी कोणाविरुद्ध ठेवलं ते सांगत नाही. कढईच्या तळाशी लिंबू ठेवा, ढकललं तरी परत मध्यात येते. कढई पालथी घालून वर ठेवा, जरा धक्का लागला की गेलं ओट्याखाली. दोन्ही वेळा लिंबू इक्विलिब्रियममध्येच होतं, म्हणून नुसतं समतोल लिहून भागत नाही, कोणता ते लेखकाच्या पुढच्या वाक्यावरून पाहा. प्रतिसंतुलन हा शब्द पाठ्यपुस्तकाला राहू द्या, कथेतल्या माणसाच्या तोंडी घालू नका, दात पडतील त्याचे.

उच्चाराचं पण दोघांनी विचारलं आहे, तर नाम असताना जोर 'काउं'वर, क्रियापद असताना साधारणपणे 'बॅ'वर. स्पेलिंग एकसलग, मध्ये जागा नाही, रेघ नाही.

आणि हे शेवटचं पत्र, पोस्टकार्डावर आलं आहे, नंदनवनमधून.

बाई, लोकं तुमच्या वाक्यावर हसून राहिले पण आमच्याइथं ते खरं झालं. आमचा कूलर खिडकीच्या बाहेर लोखंडी स्टँडवर अर्धा लटकून राहते. गेल्या साली तो बाहेरच्या बाजूला झुकायले लागला, तर ह्यांनी स्टँडच्या मागच्या पायांवर आतून चार विटा ठेवल्या. आता झुकत नाही. त्या विटांले काउंटरबॅलन्स म्हणायचं का?

हो जी, त्यालाच म्हणायचं, सगळ्या पत्रांत सगळ्यात चोख उदाहरण तुमचं. पण ह्यांना एक विचारा, विटा ठेवल्या तेव्हा कूलरची टाकी भरलेली होती का रिकामी? ५० लिटर पाणी म्हणजे ५० किलो, आणि ते सगळं खिडकीच्या बाहेर. रिकाम्या टाकीवर तोलून ठेवलेल्या चार विटा भरल्या टाकीच्या पासंगाला पुरायच्या नाहीत. खाली कोणी उभं राहत असेल तर आधी स्टँड भिंतीला बोल्टनं ठोकून घ्या, विटा मग अंगणात ठेवा.